दोन तुकड्यांतली इमारत

बांधकामावरचे मिस्त्री तिला भेगाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं. जुन्या इमारतीत पाऊल टाकलं की माणसांकडे बघण्याआधी ती भिंतींकडे बघायची. भेगेवर बोट फिरवून ती जुनी की ताजी ते सांगायची, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. "बाई आल्या, आता धडधाकट भिंतीलाही ताप भरणार," असं एक मिस्त्री म्हणाला ते तिने जिन्यातून ऐकलं होतं, आणि हसू दाबत वर गेली होती.

शिक्षणाने ती इंजिनिअर. सतरा वर्षं एका मोठ्या कंपनीत काढली. सासूच्या आजारपणात नोकरी सोडली, आणि सासू गेल्यावर पुन्हा कुणाच्या हाताखाली जायचं नाही असं ठरवून घरातल्या मागच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं. इमारतीचा सांगाडा लॅपटॉपवर उभा करायचा, त्याच्यावर वजन ठेवून बघायचं, कुठला खांब किती सोसेल ते काढायचं आणि मग दाखल्यावर सही करायची. त्या एका सहीच्या भरवशावर लोक छपराखाली निर्धास्त झोपत.

लॅपटॉप नोकरी सोडताना घेतलेला, आठ वर्षांचा. बिजागरी सैल झाली होती, म्हणून पडद्यामागे जाडजूड शब्दकोश टेकवलेला असे. मोठी इमारत उघडली की पंखा घरघरायला लागे, आणि मग सगळंच गोठून जाई. नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणायचा, सुताराने बोथट रंध्यावर किती दिवस रेटायचं? पण कंपनीत असताना मशीन मागितलं की मिळायचं. स्वतःसाठी कुणाकडे मागायचं, हेच तिला उमगत नव्हतं. एकट्या बाईच्या कामाला एवढं उंची मशीन म्हणजे तिला मिरवणं वाटे. चालतंय तोवर चालवू, म्हणायची ती, आणि विषय तिथेच राहायचा.

त्यावर तिने एक तोड काढली होती. मोठी इमारत मधोमध कापायची. एक अर्धा भाग आधी चालवायचा, मधल्या खांबांवर त्याचं जे वजन येईल ते कागदावर उतरवायचं, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात हाताने भरायचं. चुकीचं नव्हतं ते. तिच्या गुरुजींच्या काळी सगळं हातानेच होत असे. फक्त एका भागात काही बदललं, की दुसऱ्यातही बदलायची आठवण ठेवावी लागे.

गावातल्या ग्रंथालयावर नवा मजला चढवायचा होता. तो हिशेब तिने असाच दोन तुकड्यांत केला. ऐनवेळी ग्रंथपालबाईंनी कळवलं, की उत्तरेकडच्या दालनात जुन्या पोथ्यांची आणखी सहा कपाटं बसवायची आहेत. तिने उत्तरेचा भाग पुन्हा चालवायला घेतला. लॅपटॉप दोनदा बंद पडला. तिसऱ्या वेळी चार तासांनी उत्तर आलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिने दाखला दिला. मजला बांधून झाला, कपाटं लागली, लोक वर बसून वाचू लागले.

पुढे सात महिन्यांनी लॅपटॉपने कायमचे डोळे मिटले. नवऱ्याने या वेळी काही ऐकलं नाही, हाताला धरून दुकानात नेलं.

दुकानदार वयस्क होता आणि बोलण्यात घाई नव्हती. दोन मशीन त्याने पुढे ठेवली. एक पातळ, चकचकीत, एका हाताने उचलावं असं. दुसरं काळं, जाड, त्याचा चार्जरच विटेएवढा. कुठलं घेऊ असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, "मी सांगितलेलं कशाला ऐकता? तुमचं सगळ्यात जड काम आणलंय ना, ते दोन्हींवर चालवून बघा."

तिने सगळी कामं साठवलेली डिस्क जोडली. सगळ्यात जड काम ग्रंथालयाचंच होतं. दोन्ही तुकडे तिने पहिल्यांदाच एकत्र जोडले आणि पातळ मशीनवर सुरू केले. पहिली तीन मिनिटं ते वाऱ्यासारखं पळालं, मग तापलं आणि रांगायला लागलं. काळ्या मशीनचा पंखा एका सुरात चालत राहिला. सातव्या मिनिटाला पूर्ण इमारत पडद्यावर आली, आणि मधल्या ओळीतला एक खांब लाल होता, म्हणजे झेपेल त्याहून जास्त वजन त्याच्यावर होतं.

तिला वाटलं, जोडताना काही राहिलं असेल. पुन्हा चालवलं. पुन्हा तोच खांब. तिने दुकानदाराकडून कोरा कागद मागून घेतला आणि काउंटरवरच पेन्सिलने आकडे मांडले. अर्ध्यातच तिची पेन्सिल थांबली. सहा कपाटांचं वजन उत्तरेच्या भागात होतं. दक्षिणेच्या भागात, त्या मधल्या खांबावर, जुनाच आकडा राहिला होता. चार तास ताटकळल्यानंतर मिळालेल्या सुटकेत ती तो बदलायला विसरली होती.

नवरा शेजारी उभा होता. त्याने आकडे पाहिले. ती ग्रंथालयाकडे निघाली, तो मागोमाग.

ग्रंथालयाचे अध्यक्ष खालच्या दालनात वर्तमानपत्र वाचत होते. निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे. ती समोर जाऊन उभी राहिली.

"सर, वरचा मजला आत्ता रिकामा करा."

"का? पडणार आहे?"

"आज पडेल असं मी म्हणत नाही. पण पडणार नाही असं मी लिहून दिलं होतं. ते आता मला म्हणता येत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचं चुकलं?"

लॅपटॉपचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. "हो," ती म्हणाली. "माझंच."

वाचकांना खाली बोलावलं. ग्रंथपालबाई रडवेल्या झाल्या होत्या, पण पोथ्या उतरवायला त्याच पहिल्या वर गेल्या. वाचकांनी जिन्यावर रांग केली आणि गठ्ठे हातोहात खाली आले. ती त्या खांबापाशी गेली. तुळईला लागून, नव्या रंगाखाली, केसाएवढी भेग होती. ताजी. संध्याकाळपर्यंत मिस्त्र्यांनी लोखंडी टेकू लावले, आणि त्या दिवशी त्यांच्यातल्या कुणी विनोद केला नाही.

समितीने दुसऱ्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने तिचं म्हणणं खरं ठरवलं. खांबाभोवती नवी सळई बांधून तो जाड केला, दीड महिन्यात मजला पुन्हा उघडला. ते काम तिला मिळालं नाही. ग्रंथालयाचं कुठलंच काम पुढे मिळालं नाही, आणि तिने मागितलंही नाही. ग्रंथपालबाई रस्त्यात भेटल्या की थांबतात. अध्यक्ष मान हलवून पुढे जातात.

काळं मशीन तिने भेग सापडली त्याच आठवड्यात घेतलं. पहिल्या दिवशी तिनेच दाखला दिलेल्या पाळणाघराची इमारत चालवली, कारण तिची सगळ्यात जास्त धास्ती होती. ती भक्कम निघाली. मग दोन तुकड्यांत केलेल्या उरलेल्या दहा, एकेक करून; शेवटी शेवटी तो लॅपटॉप साध्या घरालाही गोठत असे, म्हणून त्यांत घरंही होती. महिना गेला. प्रत्येक मालकाला तिने स्वतः जाऊन सांगितलं, की मी तपासताना हे असं केलं होतं, आणि आता पुन्हा नीट तपासलंय. एकाने दारातूनच परत पाठवलं. एकाने वकिलाचं नाव काढलं. नऊ ठिकाणी काही दोष नव्हता.

दहाव्या ठिकाणी होता. एका शिंप्याचं दुमजली घर; मागच्या गच्चीची तुळई थोडी अपुरी पडत होती. ती बोलत असताना शिंपी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत राहिला. ती ऐकून घ्यायच्या तयारीने बसली.

"उसवलेलं पुन्हा शिवता येतं, बाई," तो शेवटी म्हणाला. "मापात चूक झाली आणि गप्प बसलो, तर गिऱ्हाईक चारचौघांत कपडा फाटल्यावर परत येतं. माझंही झालंय तसं." मग त्याने विचारलं, "मिस्त्री कधी पाठवता?"

"सोमवारी," ती म्हणाली. "आणि तोवर गच्चीवर कुणी जायचं नाही."

त्याने उठून गच्चीच्या दाराला आतून कडी घातली.