शेख सरांची चूक सांगताना

शेख सरांची आणि माझी पहिली ओळख लाल शाईतून झाली. कळवणहून एम.ए.साठी मी नाशिकला आले होते. कादंबरी आणि तिच्यावरून काढलेला चित्रपट, दोन्ही शेजारी ठेवून सर शिकवत. मी कादंबरी उघडलीच नव्हती. चित्रपट पाहून निबंध ठोकून दिला. समासात सरांनी लिहिलं होतं, 'थोरली बहीण एसटीमागे धावते ती पडद्यावर. पुस्तकात ती उंबऱ्यातून हलतही नाही. वाचा आणि भेटा.' भेटायला गेले तेव्हा सरांनी स्वतःची प्रत माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "न हलणारं माणूस दाखवायला धीर लागतो. दिग्दर्शकाला तो नव्हता, म्हणून बाईला पळवलं."

पुस्तकाची बाजू घेऊन सरांनी चित्रपटाला कधी झोडपलं नाही. काय गाळलं, काय घातलं आणि का, एवढंच ते विचारत. गफलत मात्र खपत नसे, स्वतःचीही. चिखलात भाताची रोपं लावायच्या, आवणीच्या एका दृश्याचं त्यांनी मासिकातल्या लेखात तोंडभरून कौतुक केलं होतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या रविवारच्या अभ्यासमंडळात सुरगाण्याची एक विद्यार्थिनी उठली, "सर, आवणीत कोनाची साडी अशी कोरडी ऱ्हाते का?" त्या पावसाळ्यात सर जीपने तिच्या गावी गेले, गुडघाभर चिखलात उभे राहिले आणि पुढच्या अंकात आपली चूक नावानिशी छापली. तेव्हापासून मंडळाचा नियम झाला: चूक दिसली की तिथल्या तिथे सांगायची.

तो नियम यंदा मी मोडला. मंडळात सर म्हणाले, "कादंबरीत थोरली एसटीमागे धावते, ते वर्णन फार सुंदर आहे." सगळं आयुष्य ज्यांनी पान आणि पडदा वेगळे ठेवले, त्यांच्या मनात ते मिसळले होते. इतर कोणाच्या लक्षात आलं नाही. मी भेकडासारखा हात खालीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी नजमाभाभींनी चहा ठेवला होता. मी कसंबसं सांगितलं. सरांनी कादंबरी काढली, ते पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"सुनीता, हे तिसऱ्यांदा झालंय," ते म्हणाले. "मी घाबरलोय."

भाभी दारातच थबकल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

हे मी लिहिणार नव्हते. सरांनीच बजावलं, "पंचाहत्तरीच्या गौरवलेखात घाल. अवघड प्रकरण गाळलेल्या चित्रपटाला मी कधी चांगलं म्हटलंय?"

स्मरणशक्तीच्या तपासण्या झाल्या आहेत. हा मजकूर छापायला जाईपर्यंत डॉक्टरांनी काही ठाम सांगितलेलं नाही. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते. सर मात्र दर रविवारी येतात, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बोलतात. मी पहिल्या खुर्चीवर बसते. गेल्या रविवारी मला दोनदा हात वर करावा लागला. दोन्ही वेळा सर थांबले, पान शोधलं, वाचून दाखवलं आणि "बरोबर, सुनीता" म्हणाले.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांना उदंड आयुष्य आणि उत्तम प्रकृती लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. माझी भीती तेवढ्याने जात नाही, म्हणून थोडं जास्त मागते. त्यांनी खुशाल चुकावं, शंभर वेळा चुकावं. वर झालेला हात कोणाचा, एवढं त्यांना ओळखता येत राहो.