ब्रेकपॉइंटवर वाढलेलं पाणी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतःच्याच चुका इतक्या छळतात, की वेगळ्या भुताची गरज पडत नाही… तरीही हे लिहितोय.

मोबाइल भामरागडला पोचायच्या आधीची गोष्ट. पर्लकोटा नदीच्या काठावर पाणी मोजायच्या खोलीत मारोतीभाऊ असत. घरचा धंदा मासेमारीचा. नदीतल्या रंगवलेल्या खांबावरची पातळी बघून ते हातातल्या छोट्या यंत्रात आकडा टाकायचे, आणि तो टेलिफोनच्या तारेवरून चंद्रपूरला यायचा. यंत्रातला प्रोग्राम माझा. दुपारी तो हमखास बंद पडायचा.

म्हणून श्रावणातल्या एका दुपारी मी चंद्रपूरच्या ऑफिसातून त्याच तारेवरून यंत्रात शिरलो. कोडच्या एका ओळीवर ब्रेकपॉइंट लावला – म्हणजे प्रोग्राम त्या ओळीवर आला की जागीच थिजतो, आणि त्याच्या पोटातले आकडे मला इकडे दिसतात. थिजला. पातळी ३.१ मीटर. तो तसाच ठेवून मी डबा खायला गेलो. ही माझी चूक. तिकडे भाऊंचं यंत्रही अडकलं, फोनही.

परत आलो तर आकडा ३.४!

थिजलेल्या प्रोग्राममधला आकडा बदलत नसतो. ३.६… ३.९… कसली घाई नाही, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा संथ. पंखा फिरत होता, खिडकीत ऊन-पाऊस… किती वेळ बघत बसलो कोण जाणे. भीती नाही वाटली. खरं सांगतो, छान वाटत होतं. ७.४ वर तो थांबला आणि मला एकदम पुष्पा आठवली.

पुष्पा भाऊंची मुलगी. नदीपलीकडे भाताच्या रोवणीला जायची आणि तीनच्या डोंग्याने परतायची. पावणेतीन झाले होते. फोन करायचा तर लाइन तोडावी लागणार, म्हणजे समोरचा पुरावाही जाणार. तोडली.

"भाऊ, पुष्पाचा डोंगा पलीकडंच थांबवा!"

"काऊन साहेब? पानी तं तीनवरच हाय. खांब समोर दिसून राह्यला."

"यंत्रात काही आकडा टाकला का तुम्ही?"

"काय टाकू? कवाचं बंद पडून हाय."

"मले काही सांगता येत नाई भाऊ, पाया पडतो, थांबवा!"

भाऊंनी काठावरून लाल दुपट्टा हलवला. डोंगा पलीकडेच राहिला. अर्ध्या तासात वरच्या जंगलातलं पाणी आलं. पूर उतरल्यावर भाऊंनी खांबावरची चिखलाची रेघ वाचली – ७.४.

कोड मी शंभरदा तपासला. मेमरीत कचरा, म्हणजे कुठलेतरी भलतेच आकडे आले असतील, असं मित्र म्हणतात. मग कचऱ्याला चिखलाची रेघ आधीच कशी कळली? भाऊंना मात्र नवल वाटलंच नाही. "तुमी मशीन थांबवली साहेब, नदी थोडीच थांबवली!"

चौथ्या दिवशी फोन वाजला. माझी चूक मी भाऊंना कबूल केली होती, ती घरभर झालेली दिसली.

"सर, मी पुष्पा. घरी आली. आता जेवाले जाताना लाइन सोडून जात जा."

हसलो, फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडलो. त्या आकड्याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण लाइन अडकवून मी पुन्हा कधी जेवायला उठलो नाही.