शेवटचं केव्हा रागावल्या?

शर्मिला मशीन ढकलत निघाली की वॉर्डातले लोक पाय आवरून घेत. मेंदूचा फोटो काढणारं ते स्कॅनर चाकांवरचं होतं, थेट पेशंटच्या खाटेशी नेता यायचं. काटोलहून लग्न होऊन जबलपूरला आलेली शर्मिला बावीस वर्षं या दवाखान्यात अटेंडंट होती. मशीन चालवायला वेगळा माणूस होता. ते आणायचं, पेशंटच्या कानातलं-नाकातलं उतरवायचं आणि घरच्यांना धीर द्यायचा, ही कामं तिची.

त्या दुपारी दोनला वीस मिनिटं कमी असताना कांचघर मोहल्ल्यातले बळीराम ऑटोतून बायकोला घेऊन आले. सत्यभामाबाईंचं तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लोंबकळत होता. डोळे सगळं पाहत होते, शब्द तेवढा येत नव्हता.

"केव्हापासून?" डॉक्टर प्रणालीने विचारलं.

"कालपासून जी, मॅडम."

काही मिनिटांत फोटो पडद्यावर आला. मेंदूत रक्तस्राव नव्हता. तरीही प्रणालीचा चेहरा उतरला. "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं," ती हळू आवाजात शर्मिलाला म्हणाली. "कालपासून म्हणजे वेळ गेली, दीदी."

शर्मिला सत्यभामाबाईंचा लोंबता हात खाटेवर नीट ठेवत होती. बोटांच्या बेचक्यांत कणीक होती. तिने नखाने दाबून पाहिली. मऊ होती.

ती बळीरामांना पडद्याबाहेर घेऊन गेली.

"भाऊ, या शेवटचं केव्हा रागावल्या तुमच्यावर?"

"अं?"

"बायको आहे. रोज रागावत असतील ना?"

"आजच की. कारखान्याचा जेवणाचा भोंगा झाला तेव्हा. चपला घालून स्वयंपाकघरात काहून येऊन राहिले, म्हणे."

"म्हणजे बारा. बोलणं साफ होतं?"

"साफ म्हणजे! चार घरं ऐकून राहिली होती."

"मग कालपासून काहून सांगितलं?"

बळीरामांनी मान खाली घातली. "आजचं म्हटलं की रांगेत बसवतात, दीदी. कालचं म्हटलं की लोक घाई करतात."

शर्मिलाने हे सांगताच प्रणालीने बळीरामांच्या शेजारणीला फोन लावून खात्री करून घेतली. बरोबर बाराचीच गोष्ट होती. इंजेक्शन सुरू झालं.

शर्मिला मशीन पुसायला घेऊन बाहेर आली. तिच्या नवऱ्याच्या वेळी तिला असं कोणी विचारलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी श्रीकांत ऑफिसातून लवकर आले, डोकं जड आहे म्हणाले आणि झोपले. झोपू दे, दमलेत, असं वाटून तिनेच खोलीचं दार लोटलं होतं. उठवायला गेली तेव्हा उन्हं कललेली होती आणि त्यांना बोलता येत नव्हतं. तेव्हा हे मशीन नव्हतं. स्कॅनिंग मागच्या इमारतीत, तिथेही नंबर लागायचा. श्रीकांत वाचले, चालू लागले. दोन महिन्यांनी बोलूही लागले, पण हिंदीत. मराठी आलीच नाही. दोन भाषांतल्या माणसांचं कधी कधी असं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. तिने घरात पाय ठेवताच "काहून वं, आज उशीर?" म्हणणारा नवरा आता तिला 'आप' म्हणायचा, ऑफिसात आलेल्या पाहुण्या बाईला म्हणावं तसं. तिचं सगळं त्यांना समजायचं. ती आजही त्यांच्याशी मराठीतच बोलायची. उत्तर देताना त्यांचे ओठ आधी थोडे थबकायचे, आणि ती दर वेळी श्वास धरून राहायची.

अर्ध्या तासाने ती पडद्याआड डोकावली. सत्यभामाबाईंची बोटं चादरीवर हलत होती. जीभ जड होती, तरी त्यांनी शब्द ओढून काढले.

"गॅस... बंद केला... का जी?"

बळीराम ताडकन उभे राहिले. "नाही केला वाटते."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं बोलायची गरजच राहिली नाही. बळीराम शेजारणीला फोन लावता लावता रडू लागले. प्रणालीने हसू दाबलं. शर्मिलाला तिथून हलवेना. औषधाची बाटली संपायला वेळ होता, तिचं तिथे काही काम नव्हतं, तरी ती पडद्याची कड धरून ऐकत राहिली. बाई एकेक शब्द जोडून नवऱ्याला बोलत होत्या.

घरी पोचली तेव्हा श्रीकांत अंगणातल्या खुर्चीत होते.

"आ गईं आप? चाय रखूँ?"

"मी ठेवते. आधी ऐका तर."

तिने सगळं सांगितलं. कणीक, भोंगा, चपला. गॅसपाशी आली तेव्हा श्रीकांत हसले, खांदे हलवत, डोळे मिटून. मग त्यांचे ओठ थबकले. ती पिशवी हातात तशीच धरून थांबली. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी वाळलेले कपडे काढून नेले.

"बहुत अच्छा हुआ," ते म्हणाले. "आप थक गई होंगी."

"हो. थकले."

ती पायरीवर बसली. हसू जुनंच होतं, त्यात काही बदललं नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली आणि गॅसची गोष्ट पुन्हा सांगायला घेतली, या वेळी जरा लांबवून.