नितीनची लेन्स आणि आप्पा

आयर्लंडमधल्या आमच्या गॉलवेच्या हाइक ग्रुपचे किस्से इतके साठलेत, की कोणी नुसतं 'ससा' म्हटलं तरी आम्ही फिदीफिदी हसतो आणि बाकीचे आमच्याकडे बघत बसतात. तर आधी ससाच सांगतो.

जवळच बरन नावाचा भाग आहे. मैलोन्मैल उघडा करडा दगड, झाड औषधालाही नाही. आम्ही त्याला वाळवंटच म्हणतो. आमचा इंजिनियर मित्र नितीन दर वसंतात तिथे प्राण्यांचे फोटो काढायला जातो. हातभर लांब लेन्स, बायकोलाही हात लावू देत नाही!

मागच्या वर्षी तो एका सशाकडे वीस मिनिटं पोटावर सरपटत गेला. ढीगभर फोटो काढले. आमच्या डॉक्टर शिल्पाने झूम केलं. "अरे, हा दगड आहे!"

नितीन म्हणाला, "पण शार्प आलाय की नाही?"

*

या एप्रिलमध्ये नितीनचे वडील सोबत होते. आप्पा चंद्रपूरचे, रिटायर्ड वनरक्षक. सहा महिन्यांपूर्वी बायपास झालेली, त्यामुळे नितीन दर दहा मिनिटांनी "धाप लागतेय का?" विचारायचा.

अचानक शिल्पा किंचाळली, "साप!" आयर्लंडमध्ये साप? इथे तर औषधालाही सापडत नाही!

आप्पा वाकले. "पापणी मिटवली ना त्यानं! साप कुठं पापणी मिटवते, डॉक्टरीणबाई?"

बिनपायाचा सरडा निघाला. नितीनच्या फोटोत फक्त शिल्पाचा बूट आला.

*

दुपारी लांबवर रानबकऱ्या दिसल्या. आप्पांना दगडावर बसवून आम्ही तिघं सरपटत गेलो. बकऱ्या पसार! परत येऊन बघतो तर आप्पाही गायब.

आप्पांचा फोन आणि गोळ्या नितीनच्या सॅकमध्ये. तासभर "आप्पाऽऽ" ओरडत धावलो. नितीनचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटी एक शेतकरी भेटला. "युअर मॅन? ही इज ग्रँड," म्हणाला, म्हणजे 'ते बाबा ना? मजेत आहेत', आणि दगडी कुंपणाकडे बोट दाखवलं.

कुंपणापलीकडे आप्पा पालथे पडलेले, हालचाल नाही.

तेवढ्यात आप्पांनी मागे न बघता एक बोट वर केलं. "चूप!"

चार हातांवर एक रानबकरी नुकतंच जन्मलेलं पिल्लू चाटत होती.

नितीन मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला. मलाही हायसं वाटून हुंदका आला. नितीन रडतच म्हणाला, "आप्पा, किती हाका मारल्या! ऐकू नाही आल्या?"

"आल्या ना. ओ देली असती तं बाळंतीण बिथरली असती," आप्पा कुजबुजले. "काढ आता फोटू."

नितीनचा हात गळ्याकडे गेला. कॅमेरा नव्हता. धावताना कुठल्या दगडावर टाकला, ते त्याला आजही सांगता येत नाही!