निरोप्या चार पानं का घेतो

मी कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवतो. पोरं तोंडावर सर म्हणत्यात, मागनं नकल्या म्हणत्यात. त्यात खोटं काय न्हाई. यष्टीच्या कंडक्टरपासनं आमच्या प्राचार्यांच्या खोकल्यापत्तर कुणाचाबी आवाज मला काढता येतो. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात दाराआडनं सुट्टी दिलीवती, आन पोरं खरंच दप्तरं घेऊन घरी गेलीवती.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला एक शोकांतिका हाय. जुनी, परदेशातली, मराठीत आणलेली. वाक्यं एवढाली लांब की सुरू करणाऱ्याला शेवटापत्तर दम पुरत न्हाई. आमची पोरं कुंडल-कडेगावकडची, निम्मी सकाळी डेअरीला दूध घालून येणारी. पुस्तक उघडलं की पयल्या बाकावर जांभई उठायची आन शेवटच्या बाकावर जाऊन मुक्काम करायची. मंग मी राजाला कारखान्याच्या सभेतला आवाज दिला. प्रधानाला तलाठ्याचा. वर्ग जागा झाला.

गोष्ट एवढीच. राणीचा पोरगा लढाईवर मेलाय. सगळ्या दरबाराला ठाव हाय, राणीला न्हाई. निरोप्या येतो. पर निरोप सांगायचा सोडून चार पानं रस्त्याचं, वाऱ्याचं, घोड्याच्या पायाचं सांगत बसतो. शेवटी सांगतो, आन राणी एक शब्दबी न बोलता आत निघून जाती.

"सर, ह्येला काय हुतंय सांगाय?" मागनं एक पोरगं म्हणलं. "मेला म्हणायचं, इषय संपला."

"गड्या, त्येनं लगीच सांगितलं तर नाटक पाच मिनिटात संपंल. माजा तास कसा भरायचा?"

वर्ग हसला.

"आन राणी काय बोलत कशी न्हाई?"

"लिवणाऱ्याची शाई संपली आसंल."

परत हसला. एक पोरगी तेवढी हसली न्हाई. ती आमच्याच गावची, माज्या वर्गमित्राची धाकटी भन. घरी मला दादा म्हणायची, कॉलेजात सर म्हणताना अडखळायची. निरोप्याचं वाचन मी तिलाच दिलंवतं, कारण ती सरळ वाचायची, उगं रडका सूर लावायची न्हाई.

तिचा भाऊ फौजेत व्हता. आमी एका बाकावरचं. त्येचा आवाज तर मी झोपंतबी काढला असता, जरा नाकातनं, 'आये' म्हणताना शेवटाला ओढायचा. सुट्टीला आला की आमचा ठरलेला खेळ असायचा. त्यो घरात लपायचा, मी बाहीरनं फोन करायचा, "आये, म्हस किती देती गं?" त्येची आई, तिला मी काकी म्हणतो, ती फसायची. पाच-सात वाक्यं झाली की आतनं ह्यो खिदळत यायचा आन काकी मला शिव्या द्यायची, "मुडद्या, पोटाला काय खातोस रं तू?"

थंडीत एक दिवस ती पोरगी तासाला आली न्हाई. दुपारी गावात गेलो तवा पारावर माणसं उभी व्हती. गस्तीवर बर्फाचा कडा खाली आलावता. त्यो गेलावता. तिकडं हवा खराब, इमान उडत न्हवतं, पेटी कवा येणार कुणाला सांगता येत न्हवतं.

आमच्याकडं अशा वक्ताला एक रीत हाय. पेटी दारात येईस्तवर आईला सांगत न्हाईत. पायाला लागलंय, दवाखान्यात हाय, एवढंच सांगायचं. केबलवाल्यानं त्या आळीची वायर काढली. काकीचा फोन "बिघडलाय" म्हणून त्येच्या चुलत्यानं खिशात घातला. शाळंच्या पटांगणावर अंत्यविधीची जागा कराय जेसीबी लागला. काकीनं इचारलं तर बाया म्हणल्या, गॅदरिंग हाय. तालुक्याला फ्लेक्स छापाय गेलं. सगळ्या गावाला ठाव, आन मधी ती एकटी, बाया भवतीनं बसून तिच्याबरोबर शेंगा फोडत्यात. तिनं तोंडात घास घेतला न्हवता.

चुलत्यानं मला गोठ्यामागं बोलावलं. चांगला माणूस, पर डोळं सुजलेलं.

"तू त्येचा आवाज काढतोस न्हवं?"

मला कळलं. कळून बी मी म्हणलं, "म्हंजी?"

"एक फोन लाव. बरा हाय म्हण. जेव म्हण. माजं न्हाई ऐकत ती. पेटी येईस्तवर जगाय तर पायजे."

ती पोरगी कडब्याच्या गंजीला टेकून उभी व्हती. तिला आईजवळ हसऱ्या तोंडानं बसायचं काम दिलंवतं, त्यातनं उठून आलीवती.

"आवं काका, सांगा की तिला," ती म्हणली. "सगळ्या गावाम्होरं, फोटो काढणाऱ्यांच्या म्होरं पेटी उतरंल, तवा कळायचं व्हय तिला? आमच्या घरात बसून रडू द्या की तिला आदी."

"छाती फुटून मरंल ती. तुला काय कळतंय?"

"तिला कळलंय काका. ती मला इचारत न्हाई, माज्याकडं बघत न्हाई."

चुलता माज्याकडं बघत ऱ्हायला. पोरगीबी. मी चुलत्याचं ऐकलं. मोठं माणूस रडत सांगतंय, न्हाई म्हणाय जीभ रेटंना. त्येनं सोप्यात जाऊन सोताचा फोन काकीच्या हातात दिला, "घे, दवाखान्यातनं लावतोय त्यो." मी गोठ्यामागनं लावला.

"आये," मी म्हणलं. शेवटाला ओढलं. नाकातनं. इतका खरा आवाज माजा कवाच लागला न्हवता. म्हस दावणीला उभी व्हती, तिनं मान वळवली.

"आये, बरा हाय मी. पायाला लागलंय निस्तं. तू जेव."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. तेबी मला फोनातनं आन सोप्यातनं, दोन्हीकडनं ऐकू आलं.

"माज्या पोरानं म्हशीच्या आदी मला कवा इचारलं न्हाई," काकी म्हणली. "आन जेव तर कवाच म्हणला न्हाई. मीच म्हणायची त्येला. गोठ्यामागं हाईस न्हवं रं तू? म्होरं ये."

मी अंगणातनं गेलो. बाया बाजूला सरकल्या. काकी भितीला टेकून बसलीवती, फोन मांडीवर, शेंगांची टरफलं पदरात.

"सांग," ती म्हणली.

आन मी म्हणलं, "काकी, तिकडं बर्फ लय पडतंय."

तिनं मांडीवरचा फोन खाली ठेवला.

"रस्तं बंद हाईत. इमानबी उडंना. त्येची तुकडी गस्तीवर निगालीवती, तर वाऱ्यानं..." मी बोलतच ऱ्हायलो. बर्फाचं, वाऱ्याचं, डोंगराचं, जे मी कवा बगितलं न्हाई ते सगळं. वर्गात ज्येच्यावर पोरास्नी हसवलं, तेच चाललंवतं माजं. थांबलो की पुढचं वाक्य म्हणावं लागणार व्हतं.

"दादा," पोरगी मागनं म्हणली. "बास. सांग तिला."

"गेला गं काकी," मी म्हणलं. कुणाच्या आवाजात म्हणलं ते मला आजबी सांगता येणार न्हाई.

चुलता दारात खालीच बसला. बाया वरडाय लागल्या. काकी वरडली न्हाई, पडली न्हाई. पदरातली टरफलं सुपात झाडली. उठली.

"सकाळपासनं म्हस तशीच हाय," म्हणली, आन चरवी घेऊन गोठ्यात गेली. पोरगी तिच्यामागनं गेली. त्या दोघी लय उशिरानं भाईर आल्या. चरवी रिकामीच व्हती. पर पेटी आली तवा काकी पेटीजवळ आपल्या पायानं चालत गेली, आन फोटोवाल्यांच्या म्होरं तिच्या डोळ्यात पाणी न्हवतं. पेपरात वीरमातेचं धैर्य म्हणून आलं.

पोरगी कॉलेजात परत आली तवा नाटक तिथंच आडलंवतं. मी मुद्दामच दुसरा धडा घेत बसलोवतो. तिनंच पुस्तक उघडलं.

"सर, माजं वाचन ऱ्हायलंय."

तिनं निरोप्याची चारी पानं वाचली. नेहमीसारखीच, सरळ. कुणी जांभई दिली न्हाई. राणी आत गेली तिथं ती थांबली. तवा एका नव्यानं आलेल्या, दुसऱ्या तुकडीतल्या पोरानं इचारलं, त्येला काय ठाव न्हवतं, "सर, बोलत न्हाई ते ऱ्हाऊ दे, पर राणी आत जाऊन करती काय?"

मी फळ्याकडं वळलो. खडू हातात घेतला.

"धार काढत आसंल," ती पोरगी म्हणली.

ते पोरगं खो खो हसलं. त्येला वाटलं, माजीच नक्कल करतीय ती.