मूठभर मीठ आणि स्वस्तातली ड्राय बॅग

कामोठ्याहून निघालो तेव्हा माझ्या पाठीवर एक पिवळीधमक पिशवी होती आणि मी तिच्यावर बेहद्द खूश होतो, हे आधीच कबूल करतो. पुढे आठवडाभर तिचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरत होतं. तिला ड्राय बॅग म्हणतात (तोंड गुंडाळून बक्कल लावायची पिशवी, आत पाणी शिरत नाही असं सांगतात). पनवेलच्या बाजारात छत्र्या-रेनकोटवाल्याकडे ती स्वस्तात मिळाली. "पाण्यात टाका सर, बिनधास्त," असं तो म्हणाला होता. मी शाळेत मराठी शिकवतो. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायची खोड आहे मला.

जायचं होतं आंबूबायकडे. आपट्याच्या खाली, पाताळगंगा नदी खाडीला मिळते त्या बाजूच्या एका गावात ती राहते. सत्तरी ओलांडलेली धवलारीण (आगरी लग्नात विधीविधीला धवले, म्हणजे परंपरेची गाणी, गाणारी बाई). आता लग्नांत डीजे वाजतो, तिला कोणी बोलावत नाही. धवला मांडवाबाहेर गायचा नाही, हा तिचा नेम. दोन वर्षं मी तिच्या मागे होतो. शेवटी तिच्या भाच्याने, हिराजीने, तिला राजी केलं. एकदाच गाईन, वहीत लिहून घे, मोबाइलमध्ये काही भरायचं नाही, असं तिने बजावलं होतं.

हिराजीची आपट्याला होडी आहे. खरं तर रस्त्याने रिक्षा जाते, अर्ध्या तासाचं काम. पण मला होडीतूनच जायचं होतं, कारण पाठीवर नवी पिशवी होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, ते नंतर कळतं.

सकाळी ओहोटी लागायच्या बेताला मी आपट्याच्या धक्क्यावर उतरलो. हिराजीने पिशवी हातात घेऊन उलटीपालटी केली, शिवणीवर अंगठा फिरवला. त्याचा बाप जन्मभर मिठागरावर राबलेला. त्यांच्या घरात कुठलंही पिंप किंवा डबा वापरायच्या आधी मिठाने पारखतात. मीठ ओल लपवत नाही, लगेच गोळा होतं.

"मास्तर, येक मूठ सुका मीठ टाका तीत," हिराजी म्हणाला. "तोंड बांधून घटकाभर पान्यात दाबून धरू. मीठ सुका रायला तर वही ठेवा. नाय तर माजा डबा हाय."

रंगाचा जुना, घट्ट झाकणाचा डबा होता तो. त्यात त्याच्या विड्या आणि काडेपेटी. मला अपमान वाटला. आधुनिक वस्तूची परीक्षा मिठाने? ओहोटी निघून जाईल असं म्हणून मी त्याला घाई केली. त्याने इंजिन सुरू केलं.

नदी त्या दिवशी सुरेख होती. मागे कर्नाळ्याचा सुळका, पुढे दोन्ही काठांना तिवरांची झाडी, मध्येच कारखान्यांची धुराडी. पाण्याला खारट वास यायला लागला तसा हिराजी बोलका झाला. मी अधूनमधून पिशवीवर थापा मारत होतो. आठवलं की लाज वाटते.

आंबूबायने आधी जेवायला घातलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा). मग दार लोटून घेतलं, देवाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली आणि गायला लागली. दर कडव्यानंतर तिला खोकला येई. मी शाईच्या पेनाने लिहीत होतो. शाईचं पेन ही माझी आणखी एक ऐट. हळदीचे, मांडवाचे, पाठवणीचे असे अकरा धवले झाले. शेवटच्याला तिची नात उंबऱ्यावर येऊन बसली, तीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होती.

दुपारी भरतीबरोबर परत निघालो. वाटेत रेतीचं बार्ज शेजारून गेलं, त्याच्या लाटेने होडीत पाणी आलं. हिराजी डबड्याने उपसत होता. वही घातलेली पिशवी तळातल्या पाण्यात पडली होती आणि मी आरामात तिच्यावर पाय ठेवून त्याला म्हणालो की बघ, याचसाठी घेतली. आपट्यापर्यंत ती तशीच पडून होती.

धक्क्यावर बक्कल काढलं आणि आतून पाणी सांडलं. शिवण आतल्या बाजूने उसवली होती. वहीची पानं निळी झाली होती. अकरा धवल्यांमधले मोजून पाच-सहा शब्द वाचता येत होते. हिराजीने आपल्या डब्यातून विडी काढली आणि कोरड्या काडीने पेटवली. त्याने चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

तिथून थेट दुकान गाठलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "सर, ही बाइकवर मागे बांधायला आहे. पाऊस लागला, शिंतोडे उडाले, तर काही होत नाही. बुडवायला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच," मी म्हणालो. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी इतक्या मोठ्याने भांडलो की रस्त्यावरचे लोक थांबले, पण भांडून वहीत अक्षर परत येणार नव्हतं. वाचकहो, तुम्ही विचाराल म्हणून सांगतो: स्वस्तातली ड्राय बॅग पावसाला पुरते, नदीला पुरत नाही. आणि मूठभर मीठ प्रत्येकाच्या घरात असतं.

पुढच्या रविवारी नवी वही घेऊन रिक्षाने आंबूबायकडे गेलो. तिने भिजलेली वही मागून घेतली आणि मला उरलेले शब्द वाचायला लावले. मी एक ओळ अंदाजाने जुळवली, तर ती झटकन म्हणाली, "तसा नाय तो." योग्य शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने तोंड मिटलं.

"येकदा नेम मोडला तुज्यासाठी," ती म्हणाली. "आता नातीच्या लग्नान गाईन. तवा ये, मांडवान बस, लिव."

मला दारापर्यंत पोचवायला उठली तर खोकल्याने तिला पुन्हा खाली बसवलं. नात पाणी घेऊन आली. शाळेच्या गणवेशात होती, रविवारचा जादा तास करून आलेली. मी कितवीत म्हणून विचारलं. नववीत.

परतीच्या वाटेवर मी दुकानदाराला शिव्या घातल्या, पिशवीला घातल्या, रेतीवाल्यांना घातल्या. कामोठं आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून मी मनात वर्षं मोजतोय आणि त्या पोरीचं लग्न लवकर व्हावं असं मला वाटतंय. मला, शाळामास्तराला. त्यानंतर दुसऱ्या कुणावर रागवायचं मला जमलेलं नाही.