पावानं पुसलेला चेहरा

आमच्या सबीना मलकेरिनच्या तोंडाला लागायला पाद्रीबाबासुद्धा कचरायचे. पण नवरा कोलमन मासे घेऊन घरी आला की हीच बाई मऊ व्हायची. मूलबाळ नव्हतं, एकमेकांना जपत जगायची दोघं. मी त्यांची शेजारीण, एका भिंतीपलीकडची, म्हणून सांगते.

त्या उन्हाळ्यात डब्लिनहून आमच्या या आयरिश किनाऱ्यावर एक चित्रकार आला. आमच्यासारख्यांचं घर आतून कसं असतं, याचं मोठं रंगीत चित्र त्याला करायचं होतं. त्याआधीचं कच्चं चित्र तो सबीनाच्या घरात बसून कोळशानं काढत होता. चुलीवर टांगलेलं भांडं, फळीवरच्या बशा, दारातून आत घुसलेली कोंबडी, सगळं हुबेहूब उतरलं. आणि चुलीपाशी जाळं सांधत बसलेला कोलमन.

"काय देखणा चेहरा आहे हो तुमच्या नवऱ्याचा!" चित्रकार म्हणाला.

सबीनाचे हात थांबले. आमच्याकडे माणसाची, गाईची, कशाचीही तारीफ केली की लगेच 'देव राखो' म्हणतात. नाही म्हटलं तर दृष्ट लागते.

"पुढचं म्हणा की."

"पुढचं काय?"

"देव राखो म्हणा! समुद्रावर जाणारा माणूस आहे माझा."

तो हसला. "बाई, मी असलं काही मानत नाही."

"मग पुसा तो चेहरा. आत्ताच्या आत्ता!"

"राहू दे की गं," कोलमन म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा कुणी देखणा म्हणालंय मला."

"तू गप बस!"

चित्रकारानं खांदे उडवले आणि पावाचा मऊ गर मागितला. कोळसा म्हणे त्यानंच निघतो. सबीनानं सकाळी भाजलेला पाव मोडून दिला. चेहरा गेला. काळे झालेले तुकडे खाली पडले, ते झाडून तिनं कोंबड्यांना टाकले. संकट टळलं म्हणून त्या माणसाला वर चहाही पाजला.

ऑक्टोबरच्या वादळात कोलमनची होडी परत आली नाही. देह मिळाला नाही, म्हणून थडगंही नाही. फोटो तर आमच्यात कुणाचाच नव्हता. एका सकाळी सबीना माझ्या दारात उभी राहिली.

"मला त्याचे डोळे आठवेनात गं. हसणं ऐकू येतं, डोळे दिसत नाहीत. वेड लागलं का मला?"

चित्रकार अजून तालुक्याच्या गावात, खाणावळीत राहत होता. आम्ही दोघी भर पावसात चालत गेलो. कधी कुणापुढे न वाकलेल्या सबीनानं त्याच्यापुढे गुडघे टेकले.

"साहेब, तुम्ही पाहिलंय त्याला. पुन्हा काढा. देव राखो मी म्हणते, लागेल तितक्यांदा म्हणते."

त्यानंही जीव तोडून प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. ती सांगत होती, "नाक थोडं डावीकडे. इतकं नाही हो! भुवया दाट." कागदावर दर खेपेला कुणीतरी भलताच उमटायचा. शेवटचा तर आमच्या पोस्टमनसारखा दिसत होता.

"बास!" सबीना ओरडली. "हे बघून बघून माझ्याजवळ उरलाय तोही चाललाय."

चित्रकाराचं तोंड उतरलं. तो पोस्टमन पुसायला त्यानं ताटातला पाव उचलला, आणि सबीना त्या पावाकडे बघतच राहिली.

"कोंबड्यांना घातला गं मी त्याला," ती मला म्हणाली. "माझ्या हातानं."

 

चित्रकारानं उन्हाळ्यातलं ते घराचं कच्चं चित्र तिला देऊन टाकलं. चुलीच्या वर टांगलंय. सगळं घर आहे त्यात, कोलमनची टोपी आहे, टोपीखाली करडा डाग. सबीना आता पाव भाजत नाही, मीच नेऊन देते. चित्राकडे पाठ करून ती खाते. कोंबड्या पायांत घुटमळतात, पण खाली सांडलेला कण न् कण ती वेचते आणि स्वतःच्या तोंडात टाकते.